आभाळातली घार आणि अंगणातलं कुत्रं



आमच्या घराण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर (एकूण त्रेचाळीस जण, त्यातले बोलणारे सहा!) मागच्या आठवड्यात एक व्हिडिओ आला. हिरवळीवर एक पांढरं कुत्रं खेळतंय, वरून एक भला मोठा पक्षी येतो, त्याला उचलतो आणि दिसेनासा होतो. खाली लगेच रडक्या चेहऱ्यांची रांग लागली. आमच्या पुण्याच्या पुतणीने तर थेट मलाच विचारलं, "काकू, नाताळच्या सुट्टीत आम्ही येतोय. तुमच्याकडे गरुड आहेत ना? चिकूला आणू की नको?" चिकू म्हणजे त्यांचा शिह-त्झू, वय पाच महिने, वजन तीन किलो, थाट संस्थानिकाचा.

प्रश्न तेवढ्यावर थांबला असता तर मी हा लेख लिहायला बसले नसते. पण आमच्या घरामागे सिल्व्हर ओकवर घारीचं जुनं घरटं आहे हे ग्रुपवर सगळ्यांना ठाऊक आहे, कारण त्याचा फोटो मीच कधीतरी टाकला होता. मग एका दिरांनी लिहिलं, "आधी ते घरटं काढून टाका, माणूस मिळेल." त्यावर चार अंगठे आले. आणि गंमत म्हणजे आमच्या गल्लीतही हाच सूर आहे. दोन घरं सोडून एकांनी छोटं पॉमेरियन आणलंय, त्यांनाही त्या घरट्याची धास्ती.

माझं मत आधीच सांगून टाकते. चिकूला खुशाल आणा. घरट्याला मात्र कोणी हात लावायचा नाही. आता हे का, ते जरा सविस्तर.

पहिल्यांदा त्या व्हिडिओबद्दल. तो खरा की खोटा याची शपथ मी घेणार नाही, पण या जातीच्या व्हिडिओंचा एक पूर्वज मला माहीत आहे. 2012 च्या डिसेंबरमध्ये कॅनडातल्या माँट्रियल शहरातला एक व्हिडिओ जगभर फिरला होता. बागेत बसलेल्या लहान मुलाला सोनेरी गरुड उचलतो आणि थोड्या उंचीवरून सोडून देतो. कोट्यवधी लोकांनी पाहिला, आयांनी मुलं पोटाशी धरली. एक-दोन दिवसांतच उघड झालं की तिथल्या ॲनिमेशन शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी अभ्यासाचा भाग म्हणून तो संगणकावर बनवला होता. गरुडही खोटा आणि उचललेलं मूलही खोटं. बारा-तेरा वर्षांपूर्वी विद्यार्थ्यांना जे जमलं ते आता कुणालाही फोनवर जमतं. त्यामुळे 'मी डोळ्यांनी पाहिलं' या वाक्याची किंमत आता फारशी राहिलेली नाही.

आता गणिताकडे वळू. मी बी.ए. मराठी घेऊन केलं, प्राणिशास्त्र घेऊन नव्हे. पण चौथीच्या वर्गाला वजाबाकी शिकवलेली आहे, तेवढी पुरते. आपली नेहमीची घार पंख पसरले की केवढी दिसते! हाताच्या दोन वावा म्हणाल. तराजूत घातली तर किलोच्या आतच. सगळी पिसं आणि पोकळ हाडं. शिकारी पक्षी उचलून नेऊ शकतो ते साधारण स्वतःच्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास. म्हणजे घारीच्या वाट्याला उंदीर, सरडा, कोंबडीचं पिल्लू, फार तर मटणवाल्याच्या फळीवरचा तुकडा. तीन किलोचं कुत्रं तिने उचलणं म्हणजे मी आमचा गॅस सिलेंडर बगलेत मारून वेण्णा लेकला चालत जाण्यासारखं आहे.

"पण काकू, गरुड?" हो, गरुड आहेत. महाबळेश्वरात राहून गरुड नाहीत असं कसं म्हणू? उलट आमच्याइतके जवळून गरुड फार थोड्यांना दिसत असतील. बाकीच्या जगाला पक्ष्याचं पोट दिसतं, आम्हाला त्याची पाठ दिसते! केट्स पॉइंटला उभं राहिलं की खाली कृष्णेचं खोरं, धोमचं पाणी, आणि मधल्या पोकळीत आपल्या पायांखालून तरंगत जाणारा पक्षी. आर्थर सीटला हलकी वस्तू खाली टाकली तर वाऱ्याबरोबर परत वर येते, हा खेळ सहलीला आलेल्या प्रत्येक मुलाने केलेला असतो. (बाटल्यांची झाकणं टाकून करतात. करू नये.) तोच वारा कड्याला आपटून वर चढतो आणि त्याच्यावर हे पक्षी पंख न हलवता तासन्‌तास बसून राहतात. ते आपल्यावर नजर ठेवायला येत नाहीत. फुकटचा पाळणा मिळतो म्हणून येतात.

यातला जंगलात नेहमी ऐकू येणारा म्हणजे सर्पगरुड. त्याची लांब शीळ एकदा ओळखीची झाली की विसरत नाही. नावाप्रमाणे साप, सरडे, बेडूक हे त्याचं जेवण. कुत्र्यात त्याला काडीचा रस नाही. दुसरा काळा गरुड, झाडांच्या शेंड्यांवरून अगदी हळू, काहीतरी हरवलंय आणि शोधतोय अशा चालीने जाणारा. तो इतर पक्ष्यांच्या घरट्यातली अंडी-पिल्लं हुडकत असतो. शिक्रा आणि कापशी तर कबुतराच्या मापाचे. राहता राहिली मोरघार, इंग्रजी पुस्तकांत जिला बोनेलीचा गरुड म्हणतात ती. ती मात्र खरी शिकारी. ससा मारू शकते. पण वजन दीड ते अडीच किलो. सशाइतकं भक्ष्य मारलं तर ते ती बहुधा जमिनीवरच खाते, उचलून नेत नाही. रात्रीचं शृंगी घुबड तिच्यापेक्षा फार वेगळं नाही.

म्हणजे धोका शून्य आहे का? नाही. मी तसं म्हणणार नाही. पक्ष्याला उचलता आलं नाही तरी नख्या रुतवता येतात. दीड-दोन महिन्यांचं, अर्धा-पाऊण किलोचं पिल्लू उघड्यावर एकटं सोडलं तर मोठ्या गरुडाला ते सशासारखंच दिसणार. आणि कड्याच्या टोकाला गणित जरा बदलतं. सपाट जमिनीवरून वर उचलणं वेगळं, आणि खाली दरी, समोरून वारा असताना पकडलेलं ओझं घेऊन नुसतं खाली घसरत जाणं वेगळं. म्हणून पॉइंटवर कुत्र्याला मोकळं सोडायचं नाहीच. (खरं तर तिथे पक्ष्यापेक्षा दरीच जवळ असते, पण ते लोकांना कोण सांगणार. सेल्फी काढायला पट्टा कठड्याला अडकवून ठेवतात!)

आमच्या आजीच्या काळी या प्रश्नाला उत्तर होतं. वाईजवळच्या गावात अंगणभर कोंबड्या असायच्या. घार घिरट्या घालायला लागली की कोंबडी एक विशिष्ट आवाज काढायची आणि पिल्लं पंखांखाली पळायची. आजी बाहेर येऊन राहिलेली पिल्लं डाल्याखाली झाकायची. घारीला दोन शिव्या घालायची, अगदी खानदानी, इथे लिहिता येणार नाहीत अशा. आणि पुन्हा भाकरीला लागायची. घारीचं घरटं पाडायला झाडावर कोणाला चढवलेलं मी कधी पाहिलं नाही. पिल्लू आपलं, म्हणून झाकायचं कामही आपलं, इतका साधा हिशोब होता तो.

आता आपण पिल्लू झाकत नाही, झाड तोडायला निघतो.

बरं, घरटं काढणं म्हणजे काय, हे तरी माहीत असावं. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' या शब्दाची व्याख्या वाचून पाहा. बंदूक मारणं एवढाच तिचा अर्थ नाही. पक्ष्यांची अंडी फोडणं, अंडी किंवा घरटी विस्कटणं हेही त्यात येतं. आणि 2001 पासून महाबळेश्वर-पाचगणीचा सगळा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झालेला आहे. इथे झाडाला हात लावायचा तर परवानग्या लागतात. "माणूस मिळेल" इतकं सोपं ते नाही.

कायद्याचं राहू द्या. मला खटकतं ते दुसरंच. आभाळाकडे बोट दाखवलं की जमिनीकडे बघावं लागत नाही, म्हणून हा सगळा आटापिटा आहे असं मला वाटतं. आमच्या गल्लीच्या वळणावर कोंबडीच्या टाकाऊ भागांचा ढीग पडतो. पिसं, आतडी, कातडी. कोण टाकतं हे सगळ्यांना माहीत आहे आणि कोणीच बोलत नाही. (एका खानावळीचं नाव घेतलं की लगेच ओळखपाळख मध्ये येते.) सकाळी साडेसातला त्या ढिगावर पंधरा-वीस घारी उतरतात. त्याच ढिगाशेजारून ते छोटं पॉमेरियन फिरायला जातं. एखादी घार खाली झेपावते ती कातडीच्या तुकड्यासाठी, कुत्रं मध्ये येतं, मालकीणबाई किंचाळतात, आणि दुपारपर्यंत 'घारीने कुत्र्यावर हल्ला केला' ही बातमी बाजारपेठेत पोचते.

घारीची मंडळी एरवी आपल्यापासून चार हात लांब असतात. त्यांना जवळ आणतो तो आपला कचरा. दिल्लीतल्या घारींचा काही अभ्यासकांनी बरीच वर्षं पाठपुरावा केलाय. तिथे माणसांच्या डोक्यावर झेपावणाऱ्या घारी आढळल्या. पण असं झेपावणं बहुतेक घरट्याच्या आसपास, पिल्लांच्या दिवसांत, आणि माणसांकडून भरपूर खाणं मिळतं तिथे जास्त. थोडक्यात, खायला घालून सोकावलेली घार धीट होते. यात आश्चर्य काय? वर्गातलं पोरही होतं.

आणि तो ढीग फक्त घारींना बोलावत नाही. रात्री तिथे भटकी कुत्री जमतात. आणि कुत्री जमली की त्यांच्या मागावर कोण येतं ते महाबळेश्वरात राहणाऱ्याला सांगायला नको. बिबट्या.

इथे एक आकडा सांगते. नगर जिल्ह्यातल्या (आताच्या अहिल्यानगरच्या) अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या विष्ठेवरून ते काय खातात याचा अभ्यास केला. खाण्यातला 87 टक्के वाटा पाळीव प्राण्यांचा निघाला, आणि एकट्या कुत्र्यांचा 39 टक्के. शेळ्या त्या भागात कुत्र्यांच्या सातपट, पण त्यांचा वाटा फक्त 11 टक्के. कारण उघड आहे. शेळी रात्री गोठ्यात कोंडलेली असते, कुत्रं बाहेर असतं. तो भाग उसाचा, आमचा जंगलाचा. पण बिबट्याची आवड तालुक्यागणिक बदलते असं मला वाटत नाही.

लहान कुत्र्याचा खरा वैरी हा असा आहे. तो वरून येत नाही, मागच्या कुंपणातून येतो. दुपारच्या उन्हात नाही, दिवेलागणीनंतर येतो. आणि त्याला तीन किलो काय, तीस किलोचं कुत्रंही जड नाही. तरी मी पाहते ना, दिवसभर चिकूसारख्याला कडेवर घेऊन "घार नेईल गं" करणारी माणसं रात्री नऊला त्यालाच 'बाहेर जाऊन ये' म्हणून मागचं दार उघडून देतात. भीतीलासुद्धा काही वेळापत्रक असावं.

शिकारी पक्ष्यांना दुष्ट ठरवून आपण एकदा चांगली अद्दल घडवून घेतली आहे, तेही आठवतं. माझ्या लहानपणी गावाबाहेर मेलेला बैल टाकला की गिधाडं उतरायची. तासा-दोन तासांत सांगाडा. आम्हा पोरांना त्यांची किळस यायची. मग नव्वदच्या दशकापासून ती झपाट्याने संपत गेली. जनावरांना दिलं जाणारं डायक्लोफिनॅक हे दुखण्यावरचं औषध मेलेल्या गुरांच्या मांसातून त्यांच्या पोटात गेलं आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली. 2006 मध्ये जनावरांसाठी ते औषध बंद झालं, तोवर बहुतेक गिधाडं गेली होती. आणि त्यांच्यासाठी जे मांस पडायचं त्यावर भटकी कुत्री पोसली गेली, असं अभ्यासकांनी मांडलेलं आहे. म्हणजे फिरून पुन्हा कुत्र्यांपाशीच आलो. एक पक्षी कमी केला की आपलं अंगण सुरक्षित होतं, हा हिशोब कुठेतरी चुकतोच.

आमची एक भाची न्यू जर्सीत असते. तिच्याकडे चिहुआहुआ आहे, दोन किलोचा. तिकडे लाल शेपटीचा ससाणा आणि मोठं शिंगवालं घुबड या दोघांची धास्ती. तिने सांगितलं की तिकडे लहान कुत्र्यांसाठी काटेरी जाकिटं मिळतात, पाठीवर आणि गळ्याभोवती टोकं असलेली. मला आधी थट्टा वाटली. मग कळलं की ती मुळात कोयोट नावाच्या कोल्ह्यासारख्या प्राण्याच्या भीतीने निघाली, पक्ष्यांचा फायदा ओघाने आला. म्हणजे तिकडेही खरा धोका चार पायांचाच! ज्यांना घ्यायचं त्यांनी घ्यावं. पण महाबळेश्वरात जाकिटाची गरज नाही, इथे त्याहून सोपी वस्तू प्रत्येक दाराआड टांगलेली असते. छत्री.

थट्टा नाही करत. घारीचं घरटं थंडीच्या दिवसांत डागडुजी होऊन नांदतं होतं. जुन्याच घरट्यात काटक्या, चिंध्या, प्लास्टिक असं काहीबाही आणून घालतात. अंड्यांपासून पिल्लं उडेपर्यंत अडीच-तीन महिने. तेवढ्या दिवसांत त्या झाडाखालून कुत्रं नेताना छत्री उघडून धरायची. झेपावणारा पक्षी बहुधा पाठीमागून येतो आणि वर मोठी काळी गोल वस्तू दिसली की वळतो. शक्य असेल तर तेवढे दिवस दुसऱ्या बाजूने फिरायला जायचं. पावसाळा लागला की आमच्याकडे घारी तशाही दिसेनाशा होतात. एवढ्या पावसात त्या राहत नाहीत, शहाण्या आहेत.

बाकी सगळं घरातलंच. पट्टा चार-पाच फुटांचा हवा. तो बटण दाबलं की पंधरा फूट सुटणारा पट्टा इथे कामाचा नाही, कारण संकट आलं तर कुत्रं हाताशी हवं, पंधरा फुटांवर नको. अंगणात खुंटीला बांधून आत टीव्ही बघत बसू नये. बांधलेल्या कुत्र्याला पळताही येत नाही आणि लपताही येत नाही, मग तो पक्षी असो, माकडांची टोळी असो की आणखी कोणी. उन्हात सोडायचंच तर एखादं टेबल, खाट, झुडूप असं काहीतरी जवळ असावं, ज्याखाली त्याला शिरता येईल. आजीच्या डाल्याचंच हे रूप. पिल्लू दोन-तीन महिन्यांचं होईपर्यंत माणसाशिवाय उघड्यावर सोडूच नये. खाण्याचं ताट आत. मटणाची हाडं बाहेर टाकायची नाहीत. अंधार पडला की मागचं दार बंद, आणि शू-शी करायला माणूस बरोबर, दिवा लावून. जुन्या सीडी दोऱ्याला टांगून पक्षी पळवायचा उपाय काही जण सांगतात. चार दिवस चालतो, मग पक्ष्याला सवय होते आणि आपल्या अंगणात नुसत्या सीडी लोंबकळत राहतात.

त्या ढिगाबद्दल मी नगरपालिकेकडे अर्ज दिला आहे, गल्लीतल्या अकरा घरांच्या सह्या घेऊन. घरटं काढायला उत्सुक असलेल्या शेजाऱ्यांनीही सही केली, हे मुद्दाम सांगते. ढीग हलला तर घारी आपोआप पांगतील आणि रात्रीची कुत्रीही. नाही हलला तर पुन्हा लिहीन. निवृत्त मास्तरणीला वेळ भरपूर असतो आणि अक्षरही चांगलं असतं.

दिरांनी मात्र अजून उत्तर दिलेलं नाही. बघू.

एक शेवटचं, कारण हे दोघा-तिघांनी फोनवर विचारलं. चुकून एखाद्या पक्ष्याची नखं लागलीच तर वरून जखम ठिपक्याएवढी दिसते पण आत खोल असते, आणि केसाळ कुत्र्याला तर दिसतही नाही. केस बाजूला करून सगळं अंग बोटांनी चाचपायचं, स्वच्छ पाण्याने धुवायचं आणि त्याच दिवशी जनावरांच्या डॉक्टरांकडे न्यायचं. हळद भरून घरी बसायचं नाही. पक्ष्याच्या नखाने रेबीज होत नाही, तो सस्तन प्राण्यांचा रोग आहे. माकड किंवा भटकं कुत्रं चावलं असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा वेळ न घालवता डॉक्टर गाठायचे, आणि सोडवताना तुम्हालाही दात लागले असतील तर तुमचीही इंजेक्शनं चुकवायची नाहीत.